उलट्या हाताची गिटार

गिटार करायला घेतली तर आपण वारल्याची बातमी आष्टीपर्यंत जाते, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी बासरी केली असती. बासरीला कळकाचं एक पेर पुरतं. तिच्यासाठी अर्ज करावा लागत नाही, सुतार लागत नाही, आणि बासरी करणाऱ्याच्या घरी जीप भरून पाहुणे रडत आल्याचं निदान केज तालुक्यात तरी ऐकिवात नाही. पण बासरीला दोन्ही हातांची बोटं लागतात आणि तिथंच तर घोडं पेंड खात होतं.

माझा दोस्त त्रिंबक, त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं माझ्यामुळं गेली. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढं हसण्यासारखं बरंच घडलं आणि त्या भरात ही गोष्ट मागं राहील अशी मला धास्ती वाटते. त्या साली आमच्या सहकारी साखर कारखान्याचं धुराडं दसऱ्याला पेटलंच नाही. ऊसच नव्हता. युसूफ वडगावच्या शिवारात सहाशे फुटांवर गेलेल्या बोअरमधूनही नुसता फुफाटा वर येत होता. कारखान्यानं मग जनावरांची छावणी उघडली आणि आम्हा कामगारांना तिथं वाटून टाकलं. मी वजनकाट्यावरचा कारकून, तो चाऱ्याचा कारकून झालो. त्रिंबक फिटर, त्याच्याकडं चारा कापायचं कडबाकुट्टीचं यंत्र आलं. दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी लाईट गेलेली असताना यंत्रात बाहेरून आणलेल्या उसाच्या शेंड्यांचं वाढं अडकलं. "सुग्रीव, बटण बंद कर, म्या काढतो," असं त्रिंबक म्हणाला. मी "हां" म्हणालो आणि कुणाच्या तरी म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहीत राहिलो. तेवढ्यात लाईट आली.

त्यानंतरच्या सहा महिन्यांत त्रिंबक मला त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. बाकी सगळं बोलायचा. चहाला हाक मारायचा, तंबाखू मागायचा. एकदा मीच धीर करून विषय काढला तर म्हणाला, "जाऊ दे की बे. चालतंय." त्यानं चारचौघांत माझी आई-बहीण काढली असती तर मला झोप लागली असती. हे 'चालतंय' मात्र माझ्या घशाखाली उतरेना. माणूस रागावला तर त्याची समजूत घालता येते, पण रागावतच नसेल तर करायचं काय?

आता गिटारीकडं येतो. अंबाजोगाईला कॉलेजात असताना आम्ही एका खोलीत राहायचो. त्रिंबक गिटार वाजवायचा आणि मी ऐकायचो, अशी आमची कामाची वाटणी होती. नोकरी लागली, लग्न झालं, तरी त्याची गिटार सुटली नाही. कारखान्याच्या गळीत हंगामाच्या शुभारंभाला पुढाऱ्यांची भाषणं लांबली की मंडपामागून त्याची गिटार ऐकू यायची आणि लोक तिकडंच तोंड करून बसायचे. हाताचं बँडेज निघालं त्या आठवड्यात त्यानं ती गिटार भाच्याला देऊन टाकली. मला हे त्याच्या बायकोकडून कळलं. त्या दिवशी मी जेवलो नाही, आणि आमची विमल म्हणाली, "आवं, तुमी उपाशी ऱ्हाऊन त्याची बोटं उगवणार हायत का?"

उगवणार नव्हती. पण उजव्या हाताची पाचही बोटं शाबूत होती. मग उलट्या हाताची गिटार असली तर? तारा उजव्या हातानं दाबायच्या आणि डाव्या हाताचा अंगठा व करंगळी यांच्यात पट्टी धरून छेडायच्या. अंबाजोगाईच्या वाद्यांच्या दुकानात चौकशी केली, तर दुकानदारानं मला आपादमस्तक न्याहाळून सांगितलं की तशी गिटार त्यानं जन्मात विकलेली नाही. मग मी इंटरनेट कॅफेत बसून अठरा पानं छापून आणली आणि ठरवलं की आपणच करायची. तीही साधी नव्हे, अर्धपोकळ विद्युत गिटार. मधोमध भरीव ओंडका, दोन्ही अंगांना पोकळ. आमच्याकडं बारा तास लाईट नसते. भरीव विद्युत गिटार लाईट गेली की पोळपाट होते. अर्धपोकळ असली की लाईटीशिवायही थोडा आवाज देते. बीड जिल्ह्याचं भारनियमन डोळ्यांपुढं ठेवूनच कुण्या परदेशी माणसानं हा शोध लावला असावा, असं माझं प्रामाणिक मत आहे.

हे सगळं गुप्त ठेवायचं होतं. म्हणून मी फक्त विमलला सांगितलं. तिनं फक्त शेजारच्या भिवरामावशीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत मावशींनी मला मोठ्यानं विचारलं, "सुग्रीवराव, अर्धी पोकळ म्हंजी अर्धीच करणार व्हय? मंग बाकीची कवा?"

पहिला प्रश्न लाकडाचा. कारखान्याच्या विश्रामगृहामागं आंब्याचं एक मोठं झाड पाण्याअभावी वाळून उभं होतं. त्यातला एक ओंडका मिळावा म्हणून मी रीतसर अर्ज केला. विषय: अर्धपोकळ विद्युत वाद्य बनविण्याकामी वाळलेले लाकूड मिळणेबाबत. 'विद्युत' शब्द पाहून अर्ज विद्युत विभागाकडं गेला. तिथून विचारणा आली की सदर वाद्य किती हॉर्सपॉवरचे आहे. मी 'निरंक' असं उत्तर दिलं. मग 'अर्धपोकळ' शब्दामुळं तो स्थापत्य विभागाकडं गेला. त्यांना पोकळ भागाचं घनफळ हवं होतं, आणि भरीव भागाची जबाबदारी कोणावर राहील हेही. तीन आठवड्यांनी अर्ज माझ्याच टेबलावर आला, कारण त्यावर कुणीतरी 'छावणी कारकून यांचे मत घ्यावे' असा शेरा मारला होता. मी अनुकूल मत दिलं. तरी काही हललं नाही.

शेवटी भांडारपाल राधाकिशन यानं मला बाजूला घेतलं. हा माणूस तीस वर्षं गोदामात बसून बसून गोदामासारखाच थंड झालेला. म्हणाला, "सुग्रीवराव, आसं वाद्याबिद्याला लाकूड मिळत नसतंय. सभासद वारला तर मिळतंय. अंत्यविधीचं लाकूड, तेबी त्याच दिशी, इनाचौकशी."

"पण माझं कुणी वारलेलं नाही."

"तुमी सभासद हाव न्हवं?"

"आहे की. एक शेअर आहे माझा."

"मंग हितं सही करा," असं म्हणून त्यानं छापील फॉर्म पुढं सारला. मी 'सभासदाचे नाव' या रकान्यात माझं नाव घातलं आणि सही केली. वरच्या ओळीत 'मयत' हा शब्द होता, तो फॉर्मच्या घडीत गेला होता. वाचल्याशिवाय सही करू नये, हे मी वीस वर्षं काट्यावर उभ्या शेतकऱ्यांना ओरडून सांगत आलोय. सहकारात कुठल्याही गोष्टीला सूचक आणि अनुमोदक लागतो. माझ्या निधनाला सूचक राधाकिशन आणि अनुमोदक मी स्वतः, असा तो ठराव मंजूर झाला. बैलगाडीतून ओंडका घरी आला. मी खूष होतो.

दुसऱ्या दिवशी छावणीचं कार्यालय एका दिवंगत सभासदाच्या सन्मानार्थ अर्धा दिवस बंद ठेवलं होतं. कोण गेलं याची मी चौकशी केली नाही. सुट्टी मिळाली की असले प्रश्न विचारू नयेत, हा नोकरीतला शहाणपणा आहे. घरी येऊन, माशा फार म्हणून डोक्यावरून पांढरी चादर ओढून ओसरीवर आडवा झालो. विमल टँकरवर गेली होती.

जाग आली ती हंबरड्यानं. आष्टीहून माझा मेहुणा भगवानराव जीप करून आला होता आणि सोबत सात बाया होत्या. त्यांनी मला चादरीखाली पाहिलं आणि ओट्यावरच फतकल मारली. मी ताडकन उठून बसलो. दोन बाया किंचाळून पुन्हा जीपमध्ये जाऊन बसल्या. भगवानराव म्हणाला, "दाजी, आसं करत आस्त्यात व्हय? कारखान्याचा फोन आला म्हून आमी कामंधामं टाकून आलोत." त्याच्या आवाजात मला आनंदापेक्षा तक्रार जास्त जाणवली. आल्यासारखं सगळे पाणी प्यायले, पाय धुतले, आणि आठ दिवसांच्या टँकरचे तीन हंडे संपवून संध्याकाळी निघून गेले. जाताना एक म्हातारी मला निरखून म्हणाली, "तब्येत उतरली मातर."

पण त्या गोंधळात एक गोष्ट घडली ती मी विसरणार नाही. पाहुण्यांची रडारड पुरती थांबली नव्हती तेवढ्यात त्रिंबक धावत आला. दोन किलोमीटर, वैशाखाच्या उन्हात, अनवाणी. माझ्यापुढं येऊन उभा राहिला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. माझ्या खांद्याला हात लावून बघितलं, तोच अर्धा हात, आणि म्हणाला, "जिता हाईस व्हय." मग पायरीवर मटकन बसला, थोडं पाणी प्यायला आणि उठून गेला. जाताना अंगणातल्या ओंडक्याकडं त्यानं एकदा पाहिलं. तो कशासाठी आहे हे त्याला तोपर्यंत कळलेलं असणारच. साऱ्या गावाला कळलं होतं.

पुढं मला पगारपत्रकात परत यायला तलाठ्याकडून हयातीचा दाखला आणावा लागला. तलाठी म्हणाला, दोन साक्षीदार आणा, समोर उभं राहून उपयोग नाही. पण त्या अपमानात मी शिरत नाही.

सुतार होता उत्तरेश्वर मिस्त्री. साठी ओलांडलेला. चाळीस वर्षं त्यानं तिफणी, कुळव आणि बैलगाड्या यांखेरीज काही केलं नव्हतं. दोन सालं पेरणीच नीट नव्हती, त्यामुळं तिफण सांगायला कुणी त्याच्या दारी आलं नव्हतं. त्याची हत्यारं घासूनपुसून ओळीनं मांडलेली असायची आणि तो त्यांच्याकडं बघत बसायचा. मी अठरा पानं त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती उलटी धरून बराच वेळ पाहिली, मग सुलटी धरली. म्हणाला, "ह्ये अर्धं पोकळ, अर्धं भरीव कावून? पोकळ तर पोकळ करा, न्हाई तर भरीव. वाद्याला एक काय तरी ठरवाया पायजे."

मी भारनियमन समजावून सांगितलं. त्याला ते पटलं नाही. पण नकाशावरून बोट फिरवता फिरवता तो एकाएकी थांबला. "थांबा. मधी भरीव आन् दोनी बाजूला पोकळ? आवं, मंग ही तिफणच हाय की! मधलं दिंड भरीव, बी सोडायचं चाडं पोकळ, नळं पोकळ. आसं साधं सांगायचं सोडून कागदं कशाला आणलीत?" आणि त्यानं रंधा हातात घेतला. दोन वर्षांनंतर त्याच्या अंगणात भुसा पडला. त्याची म्हातारी रुक्मिणीबाई तो भुसा झाडायला आली आणि न झाडताच तशीच उभी राहून बघत राहिली.

आमचे मतभेद दोनच झाले. पहिला मापाचा. गिटारीच्या दांडीवरच्या पट्ट्या कुठं बसवायच्या याचं गणित असतं. दर पट्टीला उरलेल्या लांबीला सतरा पूर्णांक आठशे सतरा सहस्रांशानं भागावं लागतं. मी तीन रात्री खपून तो तक्ता केला होता. उत्तरेश्वर म्हणाला, "सुताच्या खाली माजा हात जात न्हाई." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी म्हणालो, मिस्त्री, इथं केसाचा फरक चालत नाही. तो म्हणाला, "केस मोजायचा आसंल तर न्हाव्याकडं जावा." शेवटी मीच पेन्सिलीनं खुणा केल्या आणि त्यानं त्या खुणांवर पटाशी धरली. पट्ट्यांसाठी सायकलचे स्पोक ठोकून चपटे केले.

दुसरा मतभेद डिंकाचा. उत्तरेश्वर म्हणत होता, बाजारातला डब्यातला पांढरा गोंद आणा, फत्तरासारखा बसतो. पण माझ्या अठरा पानांतल्या अकराव्या पानावर लिहिलं होतं की जातिवंत वाद्यं सरसानं जोडतात, त्यानं सूर मोकळा होतो. मी हट्टाला पेटलो. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या उकळून केलेला जुना डिंक. उत्तरेश्वरनं तो शिजवला. तीन दिवस आमच्या आळीत कुणी खिडकी उघडली नाही. भिवरामावशी पदर नाकाला लावून म्हणाल्या, "सुग्रीवराव, तुमी खरंच वारला आसता तरी इतका वास आला नसता."

पण झाली. पंधरा दिवसांत गिटारीची अंगयष्टी उभी राहिली. दोन्ही खांद्यांना सारखी कापलेली, छातीवर दोन नागमोडी भोकं, आंब्याचा तो पिवळसर रंग. मी विमलला बोलावून दाखवली. ती म्हणाली, "बरी दिसायली की." विमलनं एवढी स्तुती आमच्या घराचीसुद्धा केलेली नाही. आता फक्त तारा, त्या पिळायच्या खुंट्या आणि तारांखालचं चुंबक आणायचं राहिलं होतं. चुंबकावरचं तारेचं वेटोळं मोटर रिवायंडिंगवाल्या धोंडीरामनं पंख्याच्या बारीक तारेतून करून ठेवलं होतं. एरवी उन्हाळ्यात त्याच्याकडं जळालेल्या मोटरींची रांग असते. यंदा बोअरलाच पाणी नसल्यानं मोटरी सुखरूप आणि धोंडीराम रिकामा होता.

मी सकाळच्या एसटीनं अंबाजोगाईला गेलो. त्याच दिवशी सकाळी उत्तरेश्वरनं गिटार हातात घेतली तर वैशाखाच्या उन्हानं लाकूड आकसलं होतं आणि पाठीची फळी एक सूत सुटली होती. मी असतो तर काय केलं असतं, देव जाणे. मी नव्हतो. आणि उत्तरेश्वरला काय करायचं ते चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं.

उन्हाळ्यात बैलगाडीचं चाक वाळून खिळखिळं होतं, त्याची लोखंडी धाव ढिली पडते. मग ते चाक ओढ्याच्या ढवात, म्हणजे डोहात, रात्रभर बुडवून ठेवतात. लाकूड फुगतं, सांधे आवळतात, चाक पुन्हा टणक होतं. आमच्या भागात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. फक्त त्या साली ओढ्याला पाणी नव्हतं. टँकर आठ दिवसांनी यायचा आणि माणशी दोन हंडे मिळायचे.

मी दुपारी चारला परत आलो तेव्हा उत्तरेश्वरच्या अंगणात तीस-चाळीस माणसं जमली होती. मधोमध गुऱ्हाळाची काहील मांडली होती, ज्यात एरवी उसाचा रस उकळून गूळ करतात ती, बैलगाडीच्या चाकापेक्षा मोठी. यंदा गुऱ्हाळं बंद, म्हणून तीही रिकामीच होती. आता ती काठोकाठ पाण्यानं भरली होती, आणि तळाशी, वर दगड ठेवून, माझी गिटार होती.

भिवरामावशी पुढं आल्या. त्यांचा चेहरा लग्नघरच्या मानकरणीसारखा झाला होता. "मिस्त्री म्हनले, सांधं सुटलेत, पाणी पायजे. म्या घरोघर गेले. म्हनलं, त्रिंबकच्या वाद्याला पाणी घाला. कुनी न्हाई म्हनलं न्हाई बगा. कुनी तांब्या दिला, कुनी कळशी दिली. त्या बायडाबाईच्या सुनंला चार दिस झाले बाळंत हून, तिनंबी आंगुळीचं पाणी दिलं."

मी काहिलीत पाहिलं. पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं. सरस पाण्यात विरघळतो, हे माझ्या अठरा पानांत कुठंच लिहिलं नव्हतं. कारण वाद्य पाण्यात बुडवणारी माणसं त्या लेखकाला भेटलीच नव्हती. उत्तरेश्वरनं मोठ्या विश्वासानं दगड काढला आणि आत हात घातला. आधी पाठीची फळी वर आली. मग पोट आलं. मग एक कड, मग दुसरी, आणि शेवटी मधला ओंडका, एकटाच. सगळं त्यानं बाजेवर ओळीनं मांडलं. उत्तरेश्वरचे हात लटलट कापत होते.

भिवरामावशींनी हळूच विचारलं, "पाणी कमी पडलं का?"

चाळीस घरांचं प्यायचं पाणी त्या काहिलीत होतं. मला रडू येईल असं वाटलं, आणि आलंच. मी म्हणालो, "नाही मावशी. पाणी भरपूर झालं."

तेव्हा गर्दीमागून त्रिंबक पुढं आला. कधीपासून उभा होता कोण जाणे. बाजेपाशी उकिडवा बसून त्यानं एक फळी उचलली, कड बोटानं चोळली, वास घेतला.

"सरस लावलता व्हय?"

"हो."

"कुनी सांगितलं?"

"अकराव्या पानावर होतं."

त्यानं फळी परत बाजेवर ठेवली. मग मान वर न करता म्हणाला, "माझ्यासाठी करायलास. मला इचारलंस का?"

मी 'नाही' म्हणालो. सहा महिने मी त्याच्यासाठी झुरत होतो, अर्ज करत होतो, मेलोसुद्धा होतो. पण तुला गिटार पाहिजे का, एवढं साधं मी त्याला विचारलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

"मिस्त्री," त्रिंबक उत्तरेश्वरकडं वळला, "हात कापू देऊ नका. लाकूड चांगलं हाय. सावलीत वाळू द्या. डिंकाचं काम न्हाई हे, आपण नट-बोल्ट मारू."

पुढचे दहा दिवस छावणी सुटली की तो रोज उत्तरेश्वरच्या अंगणात असायचा. फळ्या वाळताना थोड्या वाकल्या होत्या. त्या त्यानं गाडीच्या जुन्या बोल्टांनी चौदा ठिकाणी आवळल्या. अंगठा आणि करंगळीत नट धरायचा, उजव्या हातानं पाना फिरवायचा. मी मदतीला हात पुढं केला की म्हणायचा, "सरक." गिटार साडेपाच किलोची झाली. तिच्याकडं पाहून वाद्य म्हणावं की अवजार, असा प्रश्न पडायचा. काहिलीतलं पाणी मात्र कुणी वाया घालवलं नाही. बायांनी ते भांडी घासायला वाटून नेलं, आणि आठवडाभर आमच्या आळीतल्या ताटांना सरसाचा वास येत होता.

तारा लावायच्या दिवशी सारी आळी जमली. पाणी दिलं होतं, त्यामुळं ऐकण्याचा हक्क होता. त्रिंबकनं एकेक तार ओवायला सुरुवात केली आणि माझ्या लक्षात आलं की तो चुकतोय. जाड तार जिथं हवी तिथं तो बारीक लावत होता.

"अरे, उलट्या हाताची आहे ती," मी म्हणालो. "तू सरळ लावतोयस."

"ठावं हाय मला."

"मग?"

त्यानं खुंटी पिळता पिळता सांगितलं, "उलट्या हातानं शिकायला मला धा वर्सं लागतील. तवर कोण ऐकत बसतंय? माझा उजवा हात जागच्या जागी हाय. वीस वर्सांचं सगळं त्याच्यात हाय. मला फकस्त डावा पायजे." आणि त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "तुझा हाय की बे. बस हितं."

मी त्याच्या डाव्या अंगाला, मांडीला मांडी लावून बसलो. गिटार त्याच्या मांडीवर, दांडी माझ्या हातात. त्यानं माझी बोटं एकेक धरून तारांवर बसवली. ही पहिली हितं, ही दुसरी खालच्या तारेवर, ही तिसरी हितं. मग त्यानं तार छेडली. फाटक्या डब्यासारखा आवाज आला. कुणीतरी हसलं. पुन्हा छेडली, पुन्हा तसाच. स्पोकच्या पट्ट्या बोटांत रुतत होत्या. तिसऱ्यांदा माझं एक बोट घसरलं.

"दाब की नीट!" त्रिंबक कडाडला. "ध्यान कुठं आस्तंय बे तुझं? सांगितलेलं कानात शिरत न्हाई का? एक काम सांगितलं, येकच, साधं, तेवढंबी तुला करता येत न्हाई? मान्साचं काय जातंय समोरच्या, काय फिकीरच न्हाई तुला?"

भिवरामावशींचा हात तोंडावर गेला. त्रिंबकचा चेहरा लाल झाला होता. त्याला स्वतःलाच कळलं असावं की तो गिटारीबद्दल बोलत नाहीये. मलाही कळलं. सहा महिने मी ज्याची वाट बघत होतो ते चाळीस माणसांसमोर माझ्या पदरात पडलं होतं. मी खाली मान घालून म्हणालो, "चुकलं माझं."

"चुकलंच," तो म्हणाला. मग नाक ओढून, माझं घसरलेलं बोट उचलून त्यानं पुन्हा तारेवर ठेवलं आणि वरून आपल्या अंगठ्यानं दाबलं, मला दुखेल इतकं.

त्यानं तार छेडली. या वेळी सूर बराच बरा लागला. तरी त्यानं मला आणखी एक शिवी दिली, आणि मला फार बरं वाटलं.